ऑटोमॅटिकचं ऑइल कधी बदलायचं? चौसाळा परिसरातल्या वाचकांच्या शंका

येडशीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंतचा महामार्ग चौपदरी झाल्यापासून चौसाळ्याच्या आसपासची पत्रं वाढली आहेत, आणि त्यांतले प्रश्नही बदलले आहेत. पूर्वी विचारणा व्हायची ती मायलेजची आणि टायरची. आता पुण्या-मुंबईत पाच-सात वर्षं चाललेल्या ऑटोमॅटिक गाड्या बीड जिल्ह्यात येऊ लागल्या आहेत. त्यांच्या इंजिनाचं काम इथल्या मिस्त्रींच्या हातातलं आहे, पण गिअरबॉक्सबद्दल ऐकीव माहितीच जास्त. म्हणून या वेळी एकाच विषयावरची पत्रं एकत्र घेतली आहेत.

शंका : २०१७ ची इनोव्हा क्रिस्टा, २.८ डिझेल ऑटोमॅटिक, पुण्याहून सेकंडहँड घेतली. दीड लाख किलोमीटर झालेत. भाड्यानं चालवतो. तुळजापूर, पंढरपूर आणि दवाखान्याच्या फेऱ्या सोलापूर-पुण्याला. गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याची नोंद कुठंच नाही. एक जण म्हणतो, ते आयुष्यभराचं असतं. दुसरा म्हणतो, इतक्या उशिरा बदललं तर गिअर स्लिप मारायला लागेल, हात लावू नका. कुणाचं ऐकू?
– एक गाडीमालक, चौसाळा

समाधान : दोघांचंही नको. ऑइल बदला, पण घाईनं नको आणि मशीननं ‘फ्लश’ करून तर मुळीच नको.

तुमच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. गाडी सुटताना त्यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये लोखंडाला लोखंड जोडलेलं नसतं. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की दुसरा त्याच्या वाऱ्यानं फिरतो, तसं इथं एका चक्राच्या पात्यांनी फेकलेलं तेल दुसऱ्या चक्राला फिरवतं. म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारं तेलच आहे. तेच तेल पंपातून दाबानं जाऊन गिअर बदलणाऱ्या क्लचच्या चकत्या आवळतं. तेच वंगण देतं आणि तेच उष्णता बाहेर काढतं. शिवाय त्या चकत्या तेलात बुडालेल्या असूनही त्यांनी नेमकी हवी तितकीच पकड घ्यावी, यासाठी त्यात खास रसायनं असतात. ती रसायनं उष्णतेनं आणि वापरानं झिजतात. इंजिन ऑइलसारखी काजळी यात धरत नाही, म्हणून ते बरंच टिकतं. पण ‘बरंच’ म्हणजे ‘कायम’ नव्हे.

‘आयुष्यभराचं’ या शब्दावर विसंबू नका. जर्मनीची झेडएफ ही कंपनी जगातल्या अनेक महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवते. त्यांतल्या काही गाड्यांचे उत्पादक गिअरबॉक्सचं ऑइल कायमचं असल्याचं सांगत आले. खुद्द झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यांपैकी जे आधी होईल तेव्हा ऑइल बदलायला सांगते. ज्यानं पेटी बनवली त्याचं म्हणणं मी जास्त मानतो. तुमची गाडी सात माणसं आणि कॅरिअरवर सामान घेऊन एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात मांजरसुंब्याचा घाट चढते. वेगात दोन्ही चक्रं जोडून ठेवणारं कन्व्हर्टरचं लॉक चढावर सुटतं, तेल घुसळलं जातं आणि तापतं. अशा वापराच्या गाडीला मी ६० ते ८० हजारांचा हिशेब सांगतो.

आता ‘हात लावू नका’ या सल्ल्याबद्दल. तो कुठून आला ते समजून घेतलं पाहिजे. लोक गाडी गॅरेजला नेतात ती गिअर अडखळायला लागल्यावर. तोवर क्लचच्या चकत्या जळालेल्या असतात. ऑइल बदललं जातं, पंधरा दिवसांत गिअरबॉक्स बसतो आणि खापर नव्या ऑइलवर फुटतं. काही वेळा नवं तेल जुना थर सुटा करतं आणि तो बारीक वाटांत अडकतो, हेही खरं. जोरानं फ्लश करण्याचा धोका हाच. पण दर वेळी थोडं थोडं बदललं तर तो धोका फारच कमी होतो.

मागच्या उन्हाळ्यात तुमच्याच भागात अशाच एका गाडीचा खालचा पॅन उघडताना मी उभा होतो. तेल आलं ते गडद तपकिरी, पण वास जळका नव्हता. पॅनच्या तळाशी चुंबक बसवलेले असतात. त्यांवर काळपट राखाडी लगदा जमला होता, बोटांत चोळला तर मऊ, कणी लागत नव्हती. ही रोजच्या झिजेची पूड, तिला घाबरायचं कारण नाही. चमकणारे कण, तारेसारखे बारीक तुकडे किंवा क्लचच्या अस्तराचे काळे पापुद्रे निघाले असते, तर मी मालकाला वेगळं सांगितलं असतं. तुम्हीही पॅन उघडताना समोर उभे राहा. चुंबक पुसण्याआधी बघायला मिळाला पाहिजे.

प्लग काढून तेल सोडलं की सगळं बाहेर येत नाही. कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत बरंचसं उरतं. एका वेळी साधारण चाळीस टक्के बदललं जातं असं धरा. मग एकदा बदलल्यावर नवं तेल ४० टक्के, दुसऱ्यांदा ६४, तिसऱ्यांदा ७८ टक्क्यांच्या आसपास. दोन बदलांमध्ये पाचशे-हजार किलोमीटर गाडी चालवा. पहिल्या वेळी पॅन उतरवून गाळणी आणि गॅस्केट बदला, पुढच्या वेळी नुसतं सोडा आणि भरा.

एक अट मात्र आहे. गाडी आत्ताच स्लिप मारत असेल, डी मध्ये टाकल्यावर दोन-तीन सेकंद थांबून मग झटका देत असेल, किंवा तेलाला जळका वास असेल, तर आधी स्कॅनर लावून दोष-संकेत वाचून घ्या. झिजलेली चकती नव्या तेलानं भरून येत नाही, आणि तसं आश्वासन देणाऱ्याला पैसे देऊ नका.

शंका : माझी छोटी ऑटोमॅटिक कार आहे, क्लच पेडल नाही. ४५ हजार किलोमीटर झाले. तिचं लाल ऑइल कुठल्या कंपनीचं टाकू?
– एक शिक्षिका, नेकनूर

समाधान : बाई, तुमच्या गाडीत बहुधा ऑटोमॅटिकचं लाल ऑइल नाहीच. कागदपत्रांत किंवा मागच्या दारावर एएमटी किंवा एजीएस लिहिलं आहे का बघा. आपल्या देशात २०१४ साली मारुतीनं सेलेरिओत ही पद्धत आणली आणि मग टाटा, ह्युंदाई, रेनो सगळ्यांनी छोट्या गाड्यांत ती घेतली. गिअरबॉक्स नेहमीचा, हातानं बदलायचाच असतो. फरक इतकाच की क्लच दाबायला आणि गिअर सरकवायला माणसाच्या जागी यंत्रणा बसवलेली असते. त्यामुळे यात साधं गिअर ऑइल लागतं. काही गाड्यांत त्या यंत्रणेच्या छोट्या टाकीत वेगळं हायड्रॉलिक ऑइल असतं. त्याची पातळी सर्व्हिसमध्ये बघायला सांगा, स्वतः काही ओतू नका.

तुमच्या गाडीत लक्ष द्यायचं ते क्लचकडे. चढावर गाडी थांबली की अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबा. एएमटीचे क्लच जळतात ते बहुतेक याच सवयीनं.

जाता जाता बाकीच्यांसाठी. सीव्हीटी असेल तर त्यात धातूचा पट्टा दोन पुल्यांवर फिरतो आणि त्याला सीव्हीटीचंच ऑइल लागतं. ते मी ४० ते ६० हजारांना बदलायला सांगतो. दुहेरी क्लचच्या गाड्यांत ‘ओला क्लच’ असेल तर क्लच तेलातच असतो आणि बदल महत्त्वाचा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या अशा सहा गिअरच्या पेटीला कंपनीच ६० हजार सांगते. ‘कोरडा क्लच’ असेल तर क्लच तेलाबाहेर असतो आणि हिशेब निराळा. म्हणून ऑइल विचारण्याआधी पेटी कोणती ते विचारा.

शंका : माझा जेसीबी आहे. त्याच्या गिअरबॉक्सलाही कन्व्हर्टर आहे. त्याचं ऑइल बॅरलमध्ये शिल्लक आहे. ते घरच्या ऑटोमॅटिक गाडीत चालेल का? दुकानदार म्हणतो, पॉवर स्टिअरिंगचं लाल ऑइलही चालतं, सगळं एटीएफच.
– एक जेसीबी मालक, मांजरसुंबा

समाधान : तुमच्या प्रश्नानं बरं वाटलं, कारण तुम्हाला मूळ गोष्ट कळलेली आहे. आपल्या गावांत टॉर्क कन्व्हर्टर आधी आला तो कारमधून नव्हे, शेततळी आणि विहिरी खणणाऱ्या जेसीबीतून. ‘कन्व्हर्टर तापला’ म्हणजे काय, हे तुमच्या ऑपरेटरला शहरातल्या कितीतरी कारमालकांपेक्षा चांगलं कळतं.

तरीही उत्तर नाही असंच आहे. जेसीबीचा गिअरबॉक्स वेगळा, त्यातले गिअर, क्लच आणि त्यांचं अस्तर वेगळं. ऑइल त्यांच्यासाठी ठरवलेलं असतं.

पॉवर स्टिअरिंगच्या डब्याची गोष्ट तर जास्त घातक आहे, कारण ती अर्धी खरी आहे. आपल्या दुकानात मिळणारं ते लाल ऑइल बहुतेक वेळा जुन्या डेक्सरॉन दर्जाचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइलच असतं. जुन्या जीपगाड्यांच्या स्टिअरिंगला ते चालतं. पण आजच्या सहा गिअरच्या पेटीसाठी ते नाही.

यामागे मोठा इतिहास आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९४० च्या ओल्डस्मोबिल मॉडेलमध्ये पहिल्यांदा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर दिला. त्यासाठी खास ऑइलचा पहिला ठरीव दर्जा, ‘टाइप ए’, १९४९ मध्ये आला. त्या काळी चकत्यांची पकड मऊ आणि एकसारखी राहावी म्हणून त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं देवमाशाच्या तेलावर बंदी आणली. ती आणली हे उत्तमच झालं. पण गिअरबॉक्सच्या ऑइलचं सूत्र नव्यानं बांधावं लागलं आणि पर्याय नीट सापडेपर्यंत गिअरबॉक्सच्या तक्रारी वाढल्या. रंग तोच लाल, बाकी तेलही जवळपास तेच. एक घटक बदलला आणि पकड बिघडली. लाल रंग फक्त ओळखीसाठी घालतात, गळती कुठली ते कळावं म्हणून. सुझुकीच्या सीव्हीटीचं ऑइल हिरवंही असतं.

तुमच्या घरी टोयोटा असेल आणि पुस्तिकेत ‘डब्ल्यूएस’ लिहिलं असेल, तर डब्यावरही डब्ल्यूएस हवं. हे ऑइल डेक्सरॉन-३ पेक्षा बरंच पातळ असतं. १०० अंश तापमानाला त्याचा दाटपणा साधारण साडेपाच सेंटीस्टोक, तर डेक्सरॉन-३ चा सातच्या आसपास. गिअर कधी आणि किती दाबानं बदलायचा, हे संगणक त्या पातळपणाचा हिशेब धरून ठरवतो. ह्युंदाई-कियाच्या सहा गिअरला ‘एसपी-४’ लागतं, होंडाच्या सीव्हीटीला ‘एचसीएफ-२’. दुसऱ्या कंपनीचं ऑइल घ्यायला हरकत नाही, पण डब्यावर हेच दर्जाचं नाव लिहिलेलं पाहिजे. ‘सर्व गाड्यांना चालणारं’ इतकंच लिहिलेलं ऑइल मी माझ्या गाडीत घालत नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही.

शंका : ऊसतोडीच्या हंगामात रात्री गाडी बंद पडली. ट्रॅक्टरला दोर बांधून सात-आठ किलोमीटर ओढत आणली. आता गिअर उशिरा पडतो. ऑइल बदलून होईल का?
– एक मुकादम, केज

समाधान : ऑइल बदलून होईल असं मी सांगणार नाही. गिअरबॉक्सचा पंप इंजिन चालू असतानाच फिरतो. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली की चाकांबरोबर आतले भाग फिरत राहतात, पण त्यांच्यापर्यंत तेल पोचत नाही. सात-आठ किलोमीटर हे त्यासाठी बरंच अंतर आहे. आधी पॅन उतरवून चुंबक बघा. धातूचे कण निघाले तर गिअरबॉक्स उघडूनच बघावा लागेल. नुसता लगदा असेल तर गाळणी आणि ऑइल बदलून थोडे दिवस चालवून बघता येईल.

पुढं असं झालं तर पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीची पुढची चाकं आणि मागची चाकं ओढणाऱ्या गाडीची मागची चाकं उचलूनच न्या. नाहीतर सरळ सपाट ट्रेलरवर चढवा, तेच उत्तम. एन मध्ये टाकून रस्त्याकडेला चार-पाच मीटर ढकलायला हरकत नाही. बॅटरी उतरली असेल तर ढकलून चालू करण्याचा विचार सोडा, ऑटोमॅटिक तशी चालू होत नाही. दुसऱ्या बॅटरीची वायर लावा. लिव्हर पी मध्येच अडकला तर बऱ्याच गाड्यांत त्याच्या शेजारी छोटं झाकण असतं. त्याखालचं बटण दाबून लिव्हर एन मध्ये सरकवता येतो. हे झाकण आजच शोधून ठेवा.

शंका : २०२५ च्या सप्टेंबरात ओढ्याचं पाणी अंगणात शिरलं, गाडी बोनेटपर्यंत बुडाली. इंजिन साफ करून चालू झालं. आता गिअरबॉक्सचं ऑइल गुलाबी, दुधाळ दिसतं.
– एक शेतकरी, येरमाळा

समाधान : त्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत मराठवाड्यानं काय सोसलं ते मी पाहिलं आहे. माणसं, जनावरं, पिकं आधी, गाडी नंतरच.

गिअरबॉक्सला श्वासासाठी एक बारीक नळी असते. गाडी बुडाली की तिथून पाणी आत जातं. तेलात पाणी मिसळलं की ते असं गुलाबी, दुधाळ होतं. क्लचच्या चकत्यांवरचं अस्तर कागदासारख्या तंतूंचं असतं आणि धातूवर डिंकानं चिकटवलेलं असतं. पाणी नेमकं त्या डिंकावर घाला घालतं. म्हणून गाडी आता चालवू नका, चालू करूनही ठेवू नका. विमा असेल तर पंचनामा होईपर्यंत काही उघडू नका. मग सगळं तेल, कन्व्हर्टरमधलं धरून, बाहेर काढून दोन-तीनदा नवं भरावं लागेल. गाडी चालवली गेली असेल तर चकत्या बदलाव्या लागण्याची तयारी ठेवा.

गाडी न बुडताही तेल दुधाळ झालं तर रेडिएटर तपासा. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्याच टाकीत असते. आपल्याकडं टंचाईत लोक रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततात. त्या जड पाण्याचे क्षार आत धरतात, गंज लागतो, शेवटी नळी फुटते आणि पाणी-तेल एक होतं. कूलंट शंभर-दोनशे रुपयांनी महाग पडतं म्हणून असं करू नका. वाटेत नाइलाजानं पाणी घातलंच तर घरी आल्यावर काढून पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट भरा.

शंका : चौसाळ्यात माझं गॅरेज आहे. मुलगा बीडला आयटीआय शिकून आलाय. ऑटोमॅटिकच्या ऑइलची कामं आम्ही घ्यावीत का? काय काय लागेल? आणि काढलेल्या ऑइलचं काय करायचं?
– एक मिस्त्री, चौसाळा

समाधान : जरूर घ्या. या कामासाठी माणसाला सोलापूर किंवा संभाजीनगर गाठायला लागू नये, असं मला मनापासून वाटतं. हे काम अवघड नाही, काटेकोर आहे.

पहिली गोष्ट, काढण्याचा प्लग सोडण्याआधी भरण्याचा प्लग सुटतो का ते बघा. भरण्याचा प्लग गंजून अडकला आणि तेल आधीच सोडून दिलं, तर गाडी तुमच्याच दारात उभी राहील. दुसरी, निघालेलं तेल मापाच्या भांड्यात घ्या आणि सुरुवातीला तेवढंच भरा. तिसरी गोष्ट पातळीची, आणि गिअरबॉक्स खराब होतात ते जास्त करून इथंच.

आजच्या बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते. गाडी चारही बाजूंनी समपातळीत उचला. चार स्टँडवर ठेवली तरी चालेल, पण पुढचा भाग वर असता कामा नये. इंजिन चालू करा, ब्रेक दाबून लिव्हर पी पासून डी पर्यंत आणि परत, प्रत्येक जागी काही सेकंद थांबत फिरवा. स्कॅनरवर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान लावा. टोयोटाच्या अनेक गाड्यांत ते ४० अंशांच्या आसपास असताना, ह्युंदाई-कियाच्या अनेक गाड्यांत ५० ते ६० अंशांना पातळी बघतात. नेमका आकडा त्या गाडीच्या वर्कशॉप पुस्तिकेतून घ्या. त्या तापमानाला, इंजिन चालू असतानाच, पातळीचा प्लग उघडा. तेलाची बारीक धार येईल, मग थेंब थेंब होईल. थेंबांवर आली की प्लग लावा. काहीच आलं नाही तर तेल कमी आहे, भरा. मे महिन्यात दुपारी आपल्याकडं तेल उभ्या उभ्याच चाळिशीत असतं. तेव्हा हे काम सकाळी लवकर करा, नाहीतर थंड व्हायची वाट बघत बसावं लागेल. तापलेलं तेल फुगतं, त्यामुळे जास्त तापमानाला पातळी घेतली तर गार झाल्यावर तेल कमी भरतं. मग पंप हवा ओढतो आणि क्लच जळतात.

हत्यारांत टॉर्क रेंच पाहिजेच. पॅनचे बोल्ट छोटे आणि त्यांचं घर अ‍ॅल्युमिनियमचं. हाताच्या अंदाजानं आवळले तर आटे जातात. वॉशर आणि गॅस्केट दर वेळी नवे. पुसायला सुताचे धागे सुटणाऱ्या चिंध्या वापरू नका. तेलाच्या वाटा सांभाळणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत एक धागा गेला तर गिअर अडकतो. काम झाल्यावर, त्या गाडीत सोय असेल तर, स्कॅनरनं गिअरबॉक्सच्या संगणकाची शिकवणी नव्यानं करा आणि गिऱ्हाइकाला सांगा की पहिले काही दिवस गिअर थोडे वेगळ्या पद्धतीनं पडतील.

काढलेल्या ऑइलबद्दल विचारलंत, हे फार चांगलं केलंत. गावाकडं जळकं ऑइल वाळवीसाठी लाकडाला लावतात, उरलेलं ओढ्यात नाहीतर उकिरड्यावर जातं. तिथून ते विहिरीत उतरतं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यातच मोडतं. झाकणाच्या ड्रममध्ये साठवा, त्यात पाणी, कूलंट किंवा पेट्रोल मिसळू देऊ नका आणि नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्या. कोण नोंदणीकृत आहे, ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारता येतं. ड्रम भरत आला की शेजारच्या दोन-तीन गॅरेजवाल्यांशी बोला. सगळ्यांचा माल एकत्र असेल तर उचलणारी गाडी चौसाळ्यापर्यंत यायला तयार होईल.